अकरा महिन्यांचं घर

भिंतीला खिळा ठोकायचा नाही. भाड्याच्या घराच्या करारात हे कलम बहुतेक वेळा असतंच, आणि नसलं तर चावी हातात देताना मालक तोंडी बजावतो. आजोबांची तसबीर कुठे लावायची, देव्हारा कुठे टांगायचा, लेकीला मिळालेलं प्रशस्तिपत्र कुठे अडकवायचं, हे भाडेकरूने विचारायचं नसतं. तसबीर वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटावर ठेवली जाते. पुढच्या घरी ती तशीच जाते, तशीच राहते.

मुंबई-पुण्यात घराविषयी चार माणसं बोलायला लागली की विषय विकतच्या घराचाच असतो. कर्ज किती, हप्ता किती, कार्पेट किती, पुनर्विकासात वाढीव जागा किती, म्हाडाच्या सोडतीत नंबर लागला का. भाड्याने राहणाऱ्याकडे वळून एकच विचारतात: 'मग स्वतःचं कधी घेताय?' तो आत्ता राहतोय ते घर कुणी मोजतच नाही. २०११च्या जनगणनेत देशातल्या शहरी कुटुंबांपैकी २७.५ टक्के कुटुंबं भाड्याने राहत होती. १९६१ साली तर निम्म्याहून जास्त. एवढ्या माणसांच्या संसाराला आपण प्रतीक्षालय समजतो आणि त्यांनाही तसंच समजायला शिकवतो.

मला हे मान्य नाही. घराची पहिली अट मालकी नव्हे, मुक्कामाची खात्री. पुढच्या वर्षी आपण इथेच असू हे ज्याला ठाऊक आहे, त्याचं घर झालं. सातबारा किंवा शेअर सर्टिफिकेट कुणाच्या का नावावर असेना. आणि आपल्या शहरांनी भाडेकरूकडून नेमकी हीच खात्री काढून घेतली आहे.

त्यासाठी वापरलेलं हत्यार म्हणजे अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स. यात राहणारा कायद्याने भाडेकरूही नसतो, तो 'लायसेन्सी' असतो. १८८२च्या भारतीय सुखाधिकार कायद्यातली ही कल्पना. दुसऱ्याच्या जागेत वावरायची नुसती परवानगी. जागेवर कसलाही हक्क नाही. अकरा महिन्यांमागचं कारण जुनं आहे. एका वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी १९०८च्या कायद्याने सक्तीची, म्हणून एक महिना कमी. पण महाराष्ट्रात या कारणाला आता अर्थ उरलेला नाही. राज्याच्या १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५ सांगतं की करार कितीही महिन्यांचा असो, तो लेखी हवा आणि नोंदलेला हवा. ही जबाबदारी मालकाची आहे. त्याने ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणजे अकरा महिन्यांनी नोंदणी चुकत नाही, मुद्रांक चुकत नाही, काहीच चुकत नाही. चुकतो तो फक्त भाडेकरूच्या आयुष्याचा हिशोब.

हिशोब सरळ आहे. दर अकरा महिन्यांनी घर बदलायची वेळ आली तर दहा वर्षांत अकरा करार. दर कराराला एका महिन्याच्या भाड्याएवढी दलाली. अकरा महिन्यांचं भाडं दलालीतच गेलं. त्यावर टेम्पो, हमाली, एसी काढून पुन्हा बसवणं, पडदे नव्या खिडकीला आखूड पडणं, आणि जुन्या मालकाने 'रंगाचे' म्हणून डिपॉझिटमधून कापलेले पैसे. तेच घर चालू ठेवलं तरी कित्येक दलाल नूतनीकरणाचे पैसे वेगळे मागतात. कशाबद्दल? कुलूप तेच, माणूस तोच, घर तेच.

पैशांचं एक वेळ सोडून देऊ. मुलाच्या शाळेचं काय? शिक्षण हक्क कायद्याखाली २५ टक्के जागांवर प्रवेश हवा असेल तर घर ते शाळा अंतर बघितलं जातं आणि भाड्याने राहणाऱ्याला नोंदणीकृत भाडेकरार दाखवावा लागतो. करार दाखवून मुलाला पहिलीत घातलं. अकरा महिन्यांनी मालकाला भाचीच्या लग्नासाठी घर हवं झालं. त्याच पेठेत, त्याच उपनगरात, त्याच भाड्यात दुसरं घर मिळेलच असं नाही. मग मूल तरी सव्वा तास बसमध्ये काढतं, नाहीतर शाळा तरी सोडतं. आधारवरचा पत्ता बदला, गॅसची बुकं बदला, बँकेला कळवा. मतदार यादीसाठी फॉर्म आठ भरा. बरेच जण तो भरत नाहीत, आणि मतदानाच्या दिवशी जुन्या वॉर्डात त्यांचं नाव असतं, नव्या वॉर्डात ते स्वतः असतात. नगरसेवकाला गटाराची तक्रार सांगायला गेलेल्या भाडेकरूला 'तुमचं मत इथे आहे का?' असं विचारलं जातं. पत्ता नाही म्हणून मत नाही, मत नाही म्हणून ऐकणारा नाही.

आता मालकाची बाजू. ती ऐकलीच पाहिजे, कारण त्याची भीती मनगढंत नाही.

१९४७ साली मुंबईत भाडे नियंत्रणाचा कायदा आला. युद्धानंतरची टंचाई, फाळणीची गर्दी. भाडी १९४० सालच्या पातळीवर गोठवली गेली. तात्पुरती म्हणून केलेली ही सोय मुदतवाढीवर मुदतवाढ घेत पन्नास वर्षं चालली. जुन्या घाटाची, लाकडी जिन्याची, कौलारू माडीची घरं पंधरा-वीस रुपये भाड्यात अडकली. एवढ्या पैशात मालक गच्चीचा डांबराचा थरही घालू शकत नव्हता. त्याने दुरुस्ती सोडली. मग १९६९ साली सरकारने उपकर गोळा करून जुन्या इमारती दुरुस्त करणारं मंडळ काढलं. मंडळ टेकू लावत राहिलं, इमारती पडत राहिल्या. ३१ ऑगस्ट २०१७ला भेंडी बाजारातली हुसैनी इमारत कोसळली, तेव्हा तिशीहून जास्त माणसं मेली.

त्यात १९७३ने मालकाला कायमचा धडा दिला. नियंत्रण टाळायला मालकांनी त्याआधीच लिव्ह अँड लायसन्सची वाट काढली होती. सरकारने कायदा दुरुस्त केला आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी जो जो लायसन्सवर राहत होता त्याला भाडेकरूचा दर्जा दिला. एका तारखेने पाहुणा घरचा झाला. त्या पिढीतल्या मालकांनी मुलांना सांगून ठेवलं: घर रिकामं ठेवा, पण भाडेकरू रुजू देऊ नका. आजही ती शिकवण जशीच्या तशी चालू आहे. २०११च्या जनगणनेत देशाच्या शहरांत एक कोटीहून जास्त घरं रिकामी होती, त्यातल्या अनेकांच्या कुलपांमागे ही भीती आहे.

पण भीतीचं कारण जाऊनही आता पाव शतक झालं. गोठवलेली भाडी मनमानी आहेत असं सर्वोच्च न्यायालयाने १९९७च्या डिसेंबरात सांगितलं. त्यानंतर राज्याचा १९९९चा नवा कायदा झाला, ३१ मार्च २०००पासून लागू झाला. त्यातलं कलम २४ पूर्ण मालकाच्या बाजूचं आहे. मुदत संपली की लायसेन्सीने घर सोडायचंच. नाही सोडलं तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज, आणि राहील तितक्या दिवसांचे दुप्पट पैसे. लेखी करार हाच अंतिम पुरावा. तारखा पडतात, वेळ जातो, हे खरं. तरी 'भाडेकरू घर बळकावील' ही भीती या कायद्याने जवळजवळ संपवली आहे. मुदत अकरा महिने असो की साठ महिने, मालकाचं संरक्षण तेवढंच. मग अकराच का? सवय, आणि दरवर्षी भाडं वाढवायची, माणूस बदलायची मोकळीक.

या मोकळिकीची किंमत शहर मोजतं, आणि ती किंमत दिसायची असेल तर जुन्या चाळींकडे बघावं. चाळीच्या आठवणींनी गळा काढणं हा आपला आवडता छंद आहे. उघडी दारं, गॅलरीतल्या गप्पा, वाटीभर साखर, बाळंतपणाला धावणाऱ्या शेजारणी. या सगळ्यात एक गोष्ट कुणी सांगत नाही: चाळीत राहणारी ही सगळी माणसं भाडेकरू होती. गिरगावातल्या केशवजी नाईक चाळीत १८९३ साली सार्वजनिक गणपती बसला तो भाडेकरूंनी बसवला. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथल्या बीडीडी चाळी १९२०च्या दशकात सरकारने बांधल्या, एकूण २०७ इमारती, १६० चौरस फुटांच्या खोल्या. त्यातली एकही खोली राहणाऱ्याच्या मालकीची नव्हती. तिथे व्यायामशाळा उभ्या राहिल्या, भजनी मंडळं, कामगार संघटना, नाटकवाले, आंबेडकरी चळवळीचे कार्यकर्ते उभे राहिले. १६० फुटांत दहा माणसं झोपत होती आणि तरी माणसं त्या जागेला आपलं म्हणत होती, कारण भाडेपावती बापाकडून मुलाकडे जात होती. उद्या कुणी उठवणार नाही हे माहीत होतं. ज्याला दहा वर्षं शेजारी राहायचंय तोच शेजाऱ्याशी भांडतो, आणि भांडण मिटवतोही. अकरा महिन्यांसाठी आलेला माणूस दार लावून घेतो.

ज्यांना खोलीही परवडत नव्हती, त्यांनीसुद्धा मुक्कामाची खात्री एकमेकांच्या आधाराने उभी केली. कोकणातल्या, घाटावरच्या गावांनी गिरणगावात गावाच्या नावाने खोल्या घेतल्या. गावाहून आलेला पोरगा थेट तिथे उतरायचा, वळकटी टाकायचा, पाळीप्रमाणे झोपायचा, खानावळीत जेवायचा. ट्रंक तिथेच. नोकरी सुटली तरी खोली सुटत नव्हती. गोव्याच्या लोकांनी कूड, म्हणजे गावागावाच्या सामायिक खोल्या, उभे केले. धोबीतलावच्या जेर महालात आजही ते आहेत. बोटीवर जाणारा तारवटी दोन फेऱ्यांच्या मधे आपल्या गावाच्या कुडात राहायचा. ओळीने लावलेल्या पेट्या, भिंतीशी वेदी, संध्याकाळी सगळ्यांनी मिळून म्हणायचा तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना. खाटही हक्काची नव्हती, पण गावच्या माणसाला दार बंद नव्हतं. मला ही आपल्या शहरांच्या घराविषयीची सगळ्यात मोठी गोष्ट वाटते. तिच्यावर एकाही बिल्डरचं नाव नाही.

आज पुण्याच्या सदाशिव पेठेत, नारायण पेठेत जाऊन बघा. जिन्याजिन्याला पाट्या: 'मुलांसाठी कॉट बेसिसवर जागा'. बीड, परभणी, यवतमाळ, नंदुरबारहून स्पर्धा परीक्षेला आलेली मुलं एका खोलीत चार-पाच कॉट टाकून राहतात. कॉट, तिच्याखाली बॅग, उशाशी पुस्तकं, एवढंच त्यांचं. दिवस अभ्यासिकेत, जेवण मेसमध्ये. जाहिरात पुढे गेली, परीक्षा पुढे गेली, निकाल अडकला की त्या कॉटवर पाच-पाच वर्षं जातात. गावाच्या खोलीत निदान काका-मामा होते. इथे महिना भरला नाही की कॉट दुसऱ्याची. या मुलांतले काही जण उद्या तहसीलदार होतील, गृहनिर्माणाच्या फायलींवर सह्या करतील. त्यांनी ही कॉट विसरू नये एवढंच मागणं आहे.

आता सोसायट्यांकडे वळतो, कारण घराची व्याख्या प्रत्यक्षात त्याच ठरवतात. 'फॅमिलीलाच देणार.' 'बॅचलर नको.' 'नॉनव्हेज चालणार नाही.' फोनवर आडनाव ऐकून 'जागा गेली' म्हणणं. हे उघड चालतं आणि कुणाला लाज वाटत नाही. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेला सभासदत्व फक्त पारशांपुरतं ठेवायची मुभा दिली. तो निकाल सभासदत्वाचा होता, एका समाजाच्या संस्थेपुरता होता. आपल्या सोसायट्या त्याहून पुढे जाऊन भाड्याने येणाऱ्याचा धर्म, जात, स्वयंपाक तपासतात, तेही कुठल्याच उपविधीचा आधार नसताना. सप्टेंबर २०२३मध्ये मुलुंडला एका मराठी बाईंना कार्यालयासाठी जागा नाकारल्याचा व्हिडिओ आला तेव्हा सगळा महाराष्ट्र पेटून उठला. बरोबरच होतं ते. पण त्याच संतापलेल्यांपैकी किती जणांच्या सोसायटीत मुसलमान कुटुंबाला घर मिळतं? स्वतःला दार बंद झालं की अन्याय आणि आपण बंद केलं की सोसायटीची शिस्त, हे दुटप्पी आहे आणि ते सोडलं पाहिजे.

आदर्श उपविधी उघडून वाचावेत. घर भाड्याने द्यायला सोसायटीच्या पूर्वपरवानगीची गरज नाही; आठ दिवस आधी कळवायचं, कराराची प्रत द्यायची, पोलिसांना माहिती द्यायची. घर भाड्याने दिल्याबद्दलचं बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. तसा १ ऑगस्ट २००१चा शासनाचा आदेश आहे. तरीही कमिटीपुढे भाडेकरूची मुलाखत होते. माझ्या ओळखीच्या एका परिचारिकेला विचारलं गेलं की रात्री इतक्या उशिरा का येता. ती रात्रपाळीहून येत होती. तिने घर सोडलं.

सरकारने काय केलं? शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी प्लेगनंतरच्या सुधारणा ट्रस्टने आणि मग सरकारच्या बीडीडी खात्याने भाड्याची घरं बांधली. स्वातंत्र्यानंतर १९४९पासून गृहनिर्माण मंडळानेही सुरुवातीला भाड्याचे गाळे बांधले. मग धोरणच फिरलं. सरकार फक्त विकायची घरं बांधू लागलं. २००८ साली एमएमआरडीएने भाड्याच्या घरांची योजना काढली, आकार पुन्हा तोच १६० चौरस फूट, म्हणजे ऐंशी वर्षांनी बीडीडीएवढाच. काही वर्षांत तीही गुंडाळली गेली आणि पनवेलजवळ कोनला दोन-दोन खोल्या जोडून गिरणी कामगारांना विकायला काढल्या. एप्रिल २०२०मध्ये टाळेबंदीत राज्याने घरमालकांना सांगितलं की तीन महिने भाडं मागू नका, कुणाला काढू नका. ती सूचना होती, सक्ती नव्हती. ज्यांचा पुढच्या महिन्याचा मुक्काम अनिश्चित होता ते भिवंडीहून, ठाण्याहून डोक्यावर बोचकी घेऊन नाशिकच्या रस्त्याने चालत निघाले. त्याच वर्षी जुलैमध्ये केंद्राने स्थलांतरितांसाठी भाड्याच्या घरांची योजना मंजूर केली. माणसं चालून गेल्यावर.

ऑगस्ट २०२५मध्ये वरळीच्या बीडीडीतल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. त्या बघून मला मनापासून आनंद झाला. त्यांना ती घरं मिळाली कारण त्यांच्या आजोबांना तिथून कुणी हलवू शकलं नव्हतं. आजच्या लायसेन्सीच्या नातवाला अशी चावी कधीच मिळणार नाही. त्याची इमारत पुनर्विकासाला गेली की मालकाला नवं घर, पर्यायी भाडं, कॉर्पस. लायसेन्सीला महिन्याभराची नोटीस.

मालकांनो, कायदा बदलायची वाट बघू नका. आज, आहे त्या कायद्यात, तीन वर्षांचा करार होतो. मुद्रांकाच्या तरतुदीत साठ महिन्यांपर्यंतचा लिव्ह अँड लायसन्स बसतो, दर पाव टक्का. दरवर्षीची भाडेवाढ करारातच लिहा, पाच टक्के तर पाच. भाडेकरूला महिन्याच्या नोटिशीवर जायची मुभा ठेवा. २०२१च्या केंद्राच्या आदर्श भाडेकरू कायद्यात निवासी डिपॉझिटला दोन महिन्यांची मर्यादा सुचवली आहे. तुम्ही ती आपणहून पाळू शकता. खिळ्याचं कलम काढा. घर सोडताना भाडेकरू भोक बुजवून जाईल, आणि नाही बुजवलं तर पुट्टीचा डबा काहीशे रुपयांत येतो.

आणि सोसायट्यांच्या कमिट्यांनो, वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपूर्वी घ्यावी लागते. या वर्षीच्या विषयपत्रिकेत एक विषय घाला. इमारतीतल्या भाडेकरूंना सभेची सूचना द्यायची, त्यांना सभेत बसू द्यायचं, पाण्याबद्दल, लिफ्टबद्दल, मुलांच्या खेळायच्या जागेबद्दल बोलू द्यायचं. मत देता येणार नाही, पण बोलायला कायदा आड येत नाही. भाडेकरूची मुलाखत बंद. आणि खाली जिन्यापाशी जी नावांची पाटी आहे तिच्यावर मालकाबरोबर त्या घरात राहणाऱ्याचंही नाव लावा, म्हणजे पोस्टमनला वॉचमनकडे विचारत बसावं लागणार नाही.